हो का-ई आणि पक्षसदस्यत्वाचा वाद : उत्तर कोरियातील गटसंघर्षाचा एक अध्याय (१९४५-१९५३)

उत्तर कोरियातील कामगार पक्षात प्रारंभी चार गट होते : मांचुरियात गनिमी लढा दिलेला किम इल-सुंग यांचा गट, चीनमधील येनानहून परतलेले, देशातच भूमिगत राहिलेले आणि सोव्हिएत संघातून आलेले कोरियन. या चौथ्या गटाचे अग्रणी हो का-ई यांचे पतन सत्तास्पर्धेचे फलित मानले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. पक्षाचा सदस्य कोणास म्हणावे, हा प्रश्नही त्यामागे होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हो यांचा जन्म १९०८ मध्ये खाबारोव्स्क येथे झाला. अतिपूर्वेकडील कोरियनांना स्टालिनने १९३७ मध्ये मध्य आशियात हद्दपार केले. पुढे उझबेकिस्तानात पक्षकार्य करून हो १९४५ च्या अखेरीस प्याँगयांगला आले. पक्षयंत्रणेची घडी बसविण्याचे ज्ञान किम यांच्या सहकाऱ्यांपाशी नव्हते, ते हो यांच्यापाशी होते. त्या बळावर १९४९ मध्ये ते एकीकृत पक्षाचे उपाध्यक्ष व प्रथम सचिव झाले.

ऑक्टोबर १९५० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजांनी प्याँगयांग घेतले. त्या दिवसांत पक्षाचे ओळखपत्र जवळ बाळगणे म्हणजे मृत्यूस निमंत्रण होते. असंख्य सदस्यांनी ते जाळले वा पुरले. चिनी सैन्याच्या साहाय्याने प्रदेश परत मिळताच हो यांनी सदस्यांची फेरतपासणी आरंभिली. सोव्हिएत शिस्तीत ओळखपत्र गमावणे हा गंभीर अपराध होता आणि हो यांनी तोच नियम लावला. सुमारे सहा लाख सदस्यांपैकी साडेचार लाखांवर शिक्षा झाल्याचे सांगितले जाते. त्यांत बहुसंख्य शेतकरी होते. हो यांना मात्र औद्योगिक कामगारांचा, निवडक सदस्यांचा पक्ष हवा होता. कारखानेच बेचिराख झालेल्या देशात असे कामगार आणावयाचे कोठून, हा प्रश्न त्यांनी गंभीरपणे घेतलेला दिसत नाही.

किम यांनी नेमके हेच हेरले. नोव्हेंबर १९५१ च्या केंद्रीय समितीच्या बैठकीत त्यांनी हो यांच्यावर पक्षाची दारे बंद केल्याचा ठपका ठेवला. बहुतेक शिक्षा रद्द झाल्या आणि लवकरच सदस्यसंख्या दहा लाखांवर गेली. किम यांची भूमिका परिस्थितीस अधिक धरून होती, हे मान्य करावे लागते. परंतु नव्याने आलेला शेतकरी सदस्य मार्क्सवादापेक्षा किम यांचाच ऋणी होता, हेही विसरता येत नाही.

हो उपपंतप्रधानपदी गेले. १९५३ मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यांत नुकसान झालेल्या सुनान जलाशयाची दुरुस्ती त्यांच्याकडे आली आणि तिच्या विलंबाचा दोषही त्यांच्याच माथी आला. २ जुलै १९५३ रोजी ते घरी मृतावस्थेत आढळले. अधिकृत निर्वाळा आत्महत्येचा होता. हत्येचा संशय पुढेही व्यक्त होत राहिला. युद्धविराम अवघ्या पंचवीस दिवसांवर होता.

हो यांच्याकडील पक्षकार्य पाक चांग-ओक यांच्याकडे गेले होते. तेही सोव्हिएत कोरियनच. ऑगस्ट १९५६ मध्ये किम यांना विरोध केल्यावर त्यांचीही पदे काढून घेण्यात आली.