लोबकोवित्स राजवाडा (व्हियेना)

लोबकोवित्स राजवाडा (जर्मन: पाले लोबकोवित्स) हा ऑस्ट्रियाची राजधानी व्हियेना येथील बरोक शैलीतील नगर-राजवाडा आहे. शहराच्या मध्यवर्ती इनरे श्टाट या पहिल्या जिल्ह्यात, लोबकोवित्सप्लाट्स या चौकात तो उभा आहे. मूळ मालक असलेल्या घराण्यावरून त्याला डीट्रिखश्टाइन-लोबकोवित्स राजवाडा असेही म्हणतात. १६८५ ते १६८७ या काळात बांधलेली ही वास्तू व्हियेनातील सर्वांत जुन्या महत्त्वाच्या बरोक नगर-राजवाड्यांपैकी एक मानली जाते. लुडविग फान बेथोव्हेन याच्या तिसऱ्या सिंफनीचे, म्हणजेच ‘एरोइका’चे, पहिले वादन १८०४ मध्ये येथील दिवाणखान्यात झाले. त्यावरून हे दालन आज ‘एरोइका सभागृह’ म्हणून ओळखले जाते. १९९१ पासून या वास्तूत ऑस्ट्रियाचे नाट्यसंग्रहालय आहे.

स्थान

राजवाड्यासमोरील चौक पूर्वी डुकरांच्या बाजाराचा चौक म्हणून ओळखला जात असे. लोबकोवित्स घराण्याचे नाव त्याला एकोणिसाव्या शतकात मिळाले. आल्बर्टिना कलासंग्रहालय, व्हियेना राज्य ऑपेरागृह आणि सम्राटांच्या हॉफबुर्ग या प्रासादाचा परिसर येथून पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे. इटालियन चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तो याने १७६० च्या सुमारास या चौकाचे चित्र काढले. व्हियेनाच्या कलेतिहास संग्रहालयातील या चित्रात राजवाड्याचे अठराव्या शतकातील रूप पाहावयास मिळते.

बांधकाम आणि वास्तुशैली

१६८३ मध्ये ऑस्मानी सैन्याने व्हियेनाला घातलेला दुसरा वेढा उठला आणि शहरावरील आक्रमणाचे सावट दूर झाले. त्यानंतर सरदार घराण्यांनी दरबाराच्या जवळ प्रशस्त निवासस्थाने बांधण्यास सुरुवात केली. या लाटेतील आरंभीच्या वास्तूंपैकी ही एक होय. दरबारी सरदार काउंट फिलिप सिग्मुंड फोन डीट्रिखश्टाइन याने ती बांधवून घेतली. तिचा आराखडा जोव्हान्नी पिएत्रो तेंकाला या वास्तुविशारदाने केला होता. त्या काळी व्हियेनात इटालियन वंशाच्या वास्तुविशारदांचे वर्चस्व होते आणि इमारतीच्या शिस्तबद्ध दर्शनी भागावर त्याची छाप दिसते.

अठराव्या शतकाच्या आरंभी योहान बेर्नहार्ड फिशर फोन एर्लाख याने प्रवेशद्वाराची नव्याने रचना केली. फिशर हा ऑस्ट्रियन बरोक वास्तुकलेचा अग्रणी होता. व्हियेनातील कार्ल्सकिर्खे हे चर्चही त्याच्याच आराखड्यानुसार उभे राहिले. त्यामुळे एकाच दर्शनी भागात दोन पिढ्यांचे काम एकत्र आले आहे. तेंकालाचे काम संयत आहे, तर फिशरच्या प्रवेशद्वारात बरोक शैलीचा आवेश अधिक जाणवतो.

मुख्य दिवाणखाना वरच्या मजल्यावर आहे. त्याच्या छतावरील कलांविषयीचे रूपकात्मक चित्र याकोब फान शुप्पेन याने रंगविले. हा दिवाणखाना मेजवान्या व समारंभ यांसाठी होता. तो नाट्यगृह किंवा संगीतगृह म्हणून बांधलेला नव्हता.

लोबकोवित्स घराणे

अठराव्या शतकाच्या मध्यास राजवाडा लोबकोवित्स घराण्याकडे आला. हे बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) जुने व श्रीमंत सरदार घराणे होते. रौड्निसे, येझेर्झी आणि बीलिना येथे त्यांच्या मोठ्या जहागिऱ्या होत्या. घराण्याचा संगीताशी संबंध बेथोव्हेनच्या बराच आधीचा आहे. ऑपेराकार क्रिस्टोफ विलिबाल्ड ग्लुक याचे वडील लोबकोवित्सांच्या येझेर्झी येथील जहागिरीत वनाधिकारी होते.

घराण्याचा सातवा प्रिन्स योझेफ फ्रान्झ माक्सिमिलियान (१७७२–१८१६) याच्या काळात राजवाडा व्हियेनाच्या संगीतजीवनाचे एक केंद्र बनला. प्रिन्स स्वतः व्हायोलिन वाजवीत असे व गातही असे. अधूपणामुळे त्याला कुबडी घेऊन चालावे लागे. त्याने स्वखर्चाने वाद्यवृंद बाळगला होता आणि व्हायोलिनवादक व संगीतकार आंटोन व्रानित्स्की त्याचा प्रमुख होता. उन्हाळ्यात प्रिन्स बोहेमियातील जहागिरीवर जाई, तेव्हा वादकही त्याच्यासोबत जात. १८०८–०९ मध्ये व्हियेनास आलेला जर्मन संगीतकार व लेखक योहान फ्रीडरिख राइखार्ट याने या घराला संगीताचे निवासस्थान आणि विद्यापीठ ठरविले.

योझेफ हायडन याने ओपस ७७ मधील दोन तंतुवाद्य-चतुष्टये (दोन व्हायोलिन, व्हायोला व चेलो यांसाठीच्या रचना) या प्रिन्सला अर्पण केली. त्यांची रचना १७९९ मधील आहे. त्याच सुमारास तरुण बेथोव्हेन आपली पहिली सहा चतुष्टये (ओपस १८) पूर्ण करीत होता. तीही याच प्रिन्सला अर्पण झाली. अशा रीतीने दोन पिढ्यांतील दोन थोर रचनाकारांची चतुष्टये एकाच आश्रयदात्याच्या नावाशी जोडली गेली.

‘एरोइका’चे पहिले वादन

बेथोव्हेनने तिसऱ्या सिंफनीचे (ओपस ५५) बहुतांश लेखन १८०३ मध्ये केले. त्याचा शिष्य फर्डिनांड रीस याने ऑक्टोबर १८०३ मध्ये प्रकाशक झिमरोक याला लिहिलेल्या पत्रानुसार, ही रचना सहा महिने केवळ स्वतःकडे ठेवण्यासाठी लोबकोवित्स ४०० गुल्डन देण्यास तयार होता. आश्रयदात्याने ठरावीक मुदतीपुरता रचनेच्या वादनाचा एकाधिकार विकत घ्यावा, मुदत संपल्यावर रचनाकाराने ती प्रकाशकाला द्यावी, अशी पद्धत त्या काळी रूढ होती. यामुळे रचनाकाराला एकाच कृतीचे दोनदा उत्पन्न मिळे. प्रिन्सचा वाद्यवृंद उपलब्ध झाल्याने प्रकाशनापूर्वी रचना प्रत्यक्ष ऐकून तपासण्याची सोयही होई.

व्रानित्स्कीने प्रिन्सच्या खजिन्याकडे सादर केलेल्या हिशेबांवरून मे-जून १८०४ मध्ये जादा वादक बोलावून नव्या सिंफनीच्या तालमी झाल्याचे कळते. या नोंदींत तिसऱ्या हॉर्नवादकाचा उल्लेख आहे. सिंफनीत तोवर सामान्यतः दोन हॉर्न वापरले जात, परंतु ‘एरोइका’त बेथोव्हेनने तीन हॉर्न योजले. त्यामुळे हिशेबातील ही लहानशी नोंद त्या तालमी कोणत्या रचनेच्या होत्या हे ठरविण्यास महत्त्वाची ठरते. पहिल्या वादनाचा दिवस म्हणून ९ जून १८०४ ही तारीख सामान्यतः दिली जाते.

रीसने पुढे आपल्या आठवणींत (प्रकाशन १८३८) एका तालमीचा प्रसंग नोंदविला आहे. पहिल्या भागात मुख्य स्वरावली पुनः येण्याच्या किंचित आधी, व्हायोलिनांचा स्वरमेळ बदललेला नसतानाच एक हॉर्न ती स्वरावली सुरू करतो. वादकाने चूक केली असे समजून रीसने ते बोलून दाखविले. बेथोव्हेनने मात्र तसे हेतुपुरस्सर लिहिले होते आणि शिष्यावरील त्याचा राग बराच काळ टिकला. आणखी एका प्रसंगी पहिल्या भागातील लयीविरुद्ध पडणाऱ्या आघातांमुळे संपूर्ण वाद्यवृंद गोंधळला व वादन पुनः प्रथमपासून सुरू करावे लागले, असेही रीस लिहितो. प्रचलित सिंफनीपेक्षा कितीतरी दीर्घ असलेली ही रचना अनुभवी वादकांनाही किती अनपेक्षित होती, हे या आठवणींवरून लक्षात येते.

सिंफनीचे पहिले जाहीर वादन ७ एप्रिल १८०५ रोजी थिएटर आन डेर वीन या नाट्यगृहात झाले. त्यामुळे संदर्भग्रंथांत ‘एरोइका’च्या पहिल्या वादनासाठी १८०४ व १८०५ अशी दोन वर्षे आढळतात. पहिले वर्ष राजवाड्यातील खासगी वादनाचे आणि दुसरे तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोरील वादनाचे आहे.

अर्पणपत्रिकेचा प्रश्न

ही सिंफनी आरंभी नेपोलियन बोनापार्टशी निगडित होती. नेपोलियनने सम्राटपद स्वीकारल्याची वार्ता कळताच बेथोव्हेनने संतापून मुखपृष्ठ फाडले, असे रीसने लिहिले आहे. व्हियेनातील संगीतमित्र संस्थेच्या संग्रहात असलेल्या हस्तलिखित प्रतीवर बोनापार्टचे नाव इतक्या जोराने खोडलेले आहे की तेथे कागदाला भोक पडले आहे. मात्र २६ ऑगस्ट १८०४ रोजी प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात बेथोव्हेन या सिंफनीचे खरे नाव ‘बोनापार्ट’ असल्याचे सांगतो. म्हणजे सम्राटपदाच्या घोषणेनंतर काही महिन्यांनीही हे नाव त्याच्या मनातून पूर्णतः गेले नव्हते. १८०६ मध्ये छापलेल्या आवृत्तीत ‘एरोइका’ (वीरश्रीयुक्त) हे नाव आले. मुखपृष्ठावर एका थोर पुरुषाच्या स्मृतीचा उल्लेख राहिला, परंतु त्याचे नाव दिलेले नाही. कृती अर्पण झाली ती प्रिन्स लोबकोवित्सला. या निर्णयामागे राजकीय भ्रमनिरास होता तसाच प्रिन्सकडून मिळणाऱ्या मानधनाचा व्यवहारही होता, असे अभ्यासक मानतात.

प्रिन्स लोबकोवित्सला अर्पण केलेल्या बेथोव्हेनच्या प्रमुख रचना

• सहा तंतुवाद्य-चतुष्टये, ओपस १८
• तिसरी सिंफनी ‘एरोइका’, ओपस ५५
• पियानो, व्हायोलिन व चेलो यांसाठीचा त्रिवाद्य कन्सर्टो, ओपस ५६
• पाचवी सिंफनी, ओपस ६७, आणि सहावी सिंफनी ‘पास्टोरल’, ओपस ६८ (या दोन्ही लोबकोवित्स आणि काउंट राझुमोव्स्की यांना संयुक्तपणे)
• तंतुवाद्य-चतुष्टय ‘हार्प’, ओपस ७४
• ‘आन डी फेर्ने गेलीब्टे’ ही गीतमाला, ओपस ९८ (१८१६)

मार्च १८०७ मध्ये ‘प्रिन्स एल.’ यांच्या घरी बेथोव्हेनच्या रचनांच्या दोन मैफली झाल्याचे वृत्त तत्कालीन नियतकालिकात आले. त्यांत त्याच्या पहिल्या चार सिंफन्या, ‘कोरिओलान’ हे आरंभवादन आणि एक पियानो कन्सर्टो यांचा समावेश होता. हे वृत्त चौथ्या सिंफनीच्या व चौथ्या पियानो कन्सर्टोच्या पहिल्या वादनाविषयीचे मानले जाते. ‘एल.’ म्हणजे लोबकोवित्स असे बहुतेक अभ्यासक समजतात. तथापि प्रिन्स लिख्नोव्स्की याच्याही नावाचे आद्याक्षर तेच असल्याने हा मुद्दा निर्विवाद नाही.

बेथोव्हेनचे वर्षासन

नेपोलियनचा धाकटा भाऊ व वेस्टफालियाचा राजा जेरोम याने बेथोव्हेनला कासेल येथील दरबारात पदाचा प्रस्ताव दिला होता. त्याने व्हियेना सोडू नये म्हणून तीन सरदारांनी १ मार्च १८०९ रोजी करार करून त्याला वार्षिक ४,००० गुल्डनचे वर्षासन बांधून दिले. त्यांपैकी आर्चड्यूक रुडोल्फ १,५००, प्रिन्स किन्स्की १,८०० आणि प्रिन्स लोबकोवित्स ७०० गुल्डन देणार होते. ठरावीक कामाची अट न घालता रचनाकाराला निर्वाहाची हमी देणारा हा करार संगीताच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो.

मात्र ही हमी फार काळ टिकली नाही. युद्धखर्चामुळे ऑस्ट्रियाच्या कागदी चलनाचे मूल्य घसरत गेले. फेब्रुवारी १८११ मधील सरकारी फर्मानाने जुन्या पाच गुल्डनांच्या बदल्यात नवा एक असा दर ठरविला. जुन्या करारांसाठी वेगळे कोष्टक होते, तरीही त्यानुसार वर्षासनाचे मूल्य निम्म्याहून कमी झाले. १८१२ मध्ये किन्स्की घोड्यावरून पडून मरण पावला. लोबकोवित्सने संगीत व नाट्य यांवर अफाट खर्च केला होता. १८११ मध्ये त्याच्याकडून येणारी रक्कम थांबली आणि पुढे त्याची मालमत्ता प्रशासकांच्या ताब्यात गेली. आपल्या सर्वांत उदार आश्रयदात्याच्या विरोधात बेथोव्हेनला कायदेशीर मार्ग अवलंबावा लागला. १८१५ मध्ये तडजोड होऊन पूर्ण ७०० गुल्डन नव्या चलनात व थकबाकीसह मिळण्याचे ठरले. प्रिन्स डिसेंबर १८१६ मध्ये बोहेमियात मरण पावला, त्याच वर्षी बेथोव्हेनने त्याला ओपस ९८ अर्पण केले होते. वर्षासन बेथोव्हेनच्या मृत्यूपर्यंत (१८२७) चालू राहिले.

सरदारांचा खासगी वाद्यवृंद ही संस्था याच काळात लयास गेली. १८१२ मध्ये स्थापन झालेल्या व्हियेनातील संगीतमित्र संस्थेसारख्या सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांनी हळूहळू तिची जागा घेतली.

नंतरचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून राजवाड्यात फ्रान्सचा दूतावास होता. १९०९ मध्ये फ्रान्सची स्वतंत्र इमारत तयार झाल्यावर तो तेथून हलला. पहिल्या महायुद्धानंतर नव्याने स्थापन झालेल्या चेकोस्लोव्हाकियाचा दूतावास येथे आला. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक वर्षे येथे फ्रेंच सांस्कृतिक संस्था होती. १९८० मध्ये वास्तू ऑस्ट्रियाच्या केंद्र सरकारकडे आली आणि जीर्णोद्धारानंतर १९९१ मध्ये तेथे नाट्यसंग्रहालय सुरू झाले.

संग्रहालयाचे मूळ राष्ट्रीय ग्रंथालयात १९२२ मध्ये योझेफ ग्रेगोर याने सुरू केलेल्या नाट्यविषयक संग्रहात आहे. त्यात नेपथ्यप्रतिकृती, वेशभूषा, हस्तलिखिते, रेखाचित्रे व छायाचित्रे जतन केलेली आहेत. रिखार्ड टेश्नर याचे ‘फिगुरेनश्पीगेल’ हे बाहुलीनाट्य आणि लेखक हेर्मान बार याच्या संग्रहातून आलेले गुस्ताव क्लिम्ट याचे ‘नुडा व्हेरितास’ (१८९९) हे चित्र ही येथील विशेष आकर्षणे होत.

सांगीतिक वारसा

प्रिन्सच्या वाद्यवृंदाची स्वरलिपी-पुस्तके आज राजवाड्यात नाहीत. ती घराण्याच्या बोहेमियातील संग्रहात गेली. हा संग्रह प्रथम नाझी राजवटीने व १९४८ नंतर साम्यवादी राजवटीने जप्त केला. १९८९ च्या सत्तांतरानंतर तो घराण्याला परत मिळाला. ‘एरोइका’सह अनेक रचनांच्या वादनप्रती आता प्राग किल्ल्यातील लोबकोवित्स राजवाड्यात प्रदर्शित आहेत. नामसाधर्म्यामुळे या दोन राजवाड्यांची गल्लत होते. वादन झाले ते दालन व्हियेनात आणि वादकांसमोरचे कागद प्रागमध्ये, अशी या वारशाची विभागणी आहे.

१८०४ मधील वादनावर बीबीसीने ‘एरोइका’ (२००३) हा कथापट निर्माण केला. त्यातील संगीत जॉन एलियट गार्डिनर यांच्या दिग्दर्शनाखाली जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर ध्वनिमुद्रित करण्यात आले. मार्टिन हाझेलब्योक यांच्या ओर्केस्टर वीनर आकाडेमी या वाद्यवृंदानेही बेथोव्हेनच्या सिंफन्या त्यांच्या मूळ वादनस्थळी सादर करण्याच्या उपक्रमात या सभागृहात वादन केले. आजच्या मोठ्या संगीतगृहांच्या तुलनेत हे दालन फारच लहान आहे. तेथे श्रोते वादकांच्या अगदी जवळ बसतात आणि वादकसंख्या मर्यादित असूनही ध्वनी प्रचंड भासतो. त्यामुळे ‘एरोइका’च्या पहिल्या श्रोत्यांना ही रचना कशी ऐकू आली असेल, या प्रश्नाच्या अभ्यासात हे सभागृह स्वतःच एक महत्त्वाचे साधन ठरले आहे.