चांद्याचा रामाळा तलाव आणि तळाचा गाळ

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यांत झरी जामणीचा तालुका आहे. दक्षिणेस पैनगंगा, मुकुटबनाकडे चुनखडी, मधून मधून कोलामांचे पोड आणि चहूंकडे कापसाचीं शेतें. ईशान्येस वणी, वणीवरून पुढें जाऊन वर्धा ओलांडली कीं चंद्रपूर, म्हणजे जुनें चांदा, लागतें. आषाढांतल्या जोराच्या सरीनें कापसाला घातलेल्या खताचा जो अंश वाहून जातो, तो नाल्यानें गांवच्या तळ्यांत उतरतो. पाणी हिरवें पडतें, त्याला वास येतो, गुरें तोंड लावीत नाहींत. याचें कारण जाणावयाचें तर चांद्याच्या गोंड राजांच्या मुलखांतील तळ्यांचा इतिहास पाहिला पाहिजे.

चांद्याच्या परकोटालगतचा रामाळा तलाव गोंडकालीन असून रामशहा राजाचें नांव त्याला जोडलें जातें. तळीं बांधण्याची या राजवटीला मोठी हौस होती. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालीं भिजेल तेवढी जमीन द्यावी, असा हीरशहाचा दंडक होता, असें परंपरा सांगते. वैनगंगेच्या खोऱ्यांत कोहळी समाजानें हें काम अंगावर घेतलें आणि भंडाऱ्यापासून चांद्यापर्यंत हजारों तळीं उभीं राहिलीं. पुढें मालगुजारी संपल्यावर त्यांनाच मामा तलाव म्हणूं लागले.

या तळ्यांच्या बांधणीचें कौतुक पुष्कळ झालें आहे. त्यांच्या स्वच्छतेकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. उन्हाळ्यांत पाणी आटलें कीं शेतकरी तळाचा काळा गाळ बंडींत भरून धानाच्या बांधींत टाकीत. त्यांना हवें होतें तें खत. परंतु त्या गाळाबरोबर वर्षभरांत सांचलेला स्फुरद आणि नत्रही तळ्याबाहेर जात असे, आणि पाणी निर्मळ राहत असे. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्यानें १९५१ सालीं मालगुजारी संपली. ती संपली हें योग्यच झालें. मालगुजाराचा जाच ज्यांनीं सोसला त्यांना तिचें दुःख होण्याचें कारण नव्हतें. पण तळीं सरकारजमा झालीं, आणि गाळ काढणें हें कोणाचेंच काम उरलें नाहीं. (वऱ्हाडांत रयतवारी असल्यामुळें झरी जामणीकडे मालगुजार नव्हता.)

गाळ तळाशींच राहिला तर काय होतें? स्वीडनमधील वेक्श्यो शहराजवळ ट्रुमेन नांवाचें उथळ सरोवर आहे. शहराचें सांडपाणी त्यांत सोडणें १९५८ सालीं बंद झालें, तरी दहा वर्षें उलटून गेल्यावरही पाणी हिरवेंच! तळाच्या गाळांतून स्फुरद पुन्हा पुन्हा वर येत होता. शेवटीं १९७० व १९७१ सालीं सुमारें मीटरभर जाडीचा वरचा गाळ नळानें शोषून काढला, तेव्हां कोठें पाणी निवळलें. उलट अमेरिकेतील सिॲटल शहरानें १९६३ ते १९६८ या काळांत आपलें सांडपाणी वॉशिंग्टन सरोवरापासून वळविलें, आणि तें सरोवर खोल असल्यामुळें तेवढ्यानेंच कांहीं वर्षांत स्वच्छ झालें. आपलीं तळीं ट्रुमेनच्या जातीचीं आहेत, वॉशिंग्टनच्या नव्हेत.

याचें वर्म असें आहे. स्फुरद गाळांतील लोहाला चिकटून राहतो. परंतु तळाशीं प्राणवायु संपला कीं ती मिठी सुटते आणि तो पाण्यांत मिसळतो. त्यावर शेवाळ माजतें, मरतें, कुजतें, आणि उरलासुरला प्राणवायुही खातें. पाणी जितकें ऊन तितका त्यांत प्राणवायु कमी मावतो, कुजणें वाढतें, आणि निळसर हिरव्या विषारी शेवाळाला तर ऊन पाणीच मानवतें. चांद्याचा उन्हाळा मुळांतच प्रखर; आतां पृथ्वीचें तपमान चढत आहे आणि पाऊसही थोड्या दिवसांत धो धो कोसळण्याकडे झुकला आहे. पूर्वीं जेवढ्या मळावर तळें निभावून नेई, तेवढ्यावर तें आतां निभावणार नाहीं.

रामाळ्याची दशा अशीच झाली. शहराचें सांडपाणी आंत, वर जलपर्णीचा गालिचा, खालीं गाळ. फेब्रुवारी २०२१ मध्यें इको-प्रो संस्थेचे बंडू धोत्रे यांनीं या तलावासाठीं अन्नत्याग आरंभिला, तेव्हां अधिकाऱ्यांची हालचाल झाली आणि तलाव रिकामा करून गाळ उपसण्यास हात घालण्यांत आला. उपोषणावांचून एवढेंही होऊं नये, ही गोष्ट शहराला भूषणावह नव्हे. शिवाय क्रम महत्त्वाचा आहे. नाला आधीं, गाळ मागाहून; नाला तसाच ठेवून गाळ काढणें म्हणजे गळक्या घागरीला कल्हई करणें होय.

गोंदिया जिल्ह्यांत अर्जुनी मोरगांवकडे मनीष राजणकर व त्यांचे सहकारी यांनीं ढिवर बांधवांसह निराळा मार्ग धरला. बेशरमाचीं झुडपें उपटावयाचीं, तळाची माती हलकी करावयाची, आणि जुन्या ढिवरांना ठाऊक असलेल्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावावयाच्या. या वनस्पती पाण्यांतला स्फुरद स्वतः घेतात आणि माशांना आसरा देतात. मासे परतले, तेव्हां कोळ्याच्या जाळ्यालाही अर्थ आला.

२०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना काढली, ती जुन्या बंडीचीच यंत्रावर बसविलेली आवृत्ति म्हणतां येईल. मात्र शहरी तलावाच्या गाळांत जड धातु असण्याचा संभव असतो, म्हणून तो तपासल्यावांचून शेतांत टाकूं नये. झरी जामणीसारख्या खेड्यांतील तळ्यांना ती भीति कमी; तेथें अडचण दिवसांची आहे. तळें कोरडें पडून गाळ वाळला पाहिजे, तरच तो वाहतां येतो, आणि हें काम मे महिना संपण्यापूर्वीं उरकावें लागतें. वैशाखांतच वळवाची सर आली तर बंड्या चिखलांत रुततात आणि तो गाळ आणखी एक वर्ष तळाशींच पडून राहतो.