कुलूप, किल्ली आणि कच्चं मडकं

गेल्या शनिवारी गावी होतो, हिंगोलीला. बाबांनी मोबाईलवर बँकेचं पान उघडलं आणि विचारलं, "अरे, हे कुलपाचं चित्र असतं ना, हे बनवतं कोण?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. वीस वर्षं या धंद्यात आहे, पण दोन वाक्यांत उत्तर देता येईना. म्हणून आजचा लेख त्यांच्यासाठी. (ते वाचतील की नाही, हा भाग वेगळा!)

सुरुवात आपल्याच मातीतून करू. चौदाव्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सकळ लिपी वापरायला सुरुवात केली. एका अक्षराच्या जागी दुसरं चिन्ह, बस्स. सुंदरी वगैरे आणखीही लिप्या होत्या. पुढे कित्येक शतकं हे जुनं मराठी गद्य पंथाबाहेरच्या लोकांना वाचता आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडून दाखवली आणि लीळाचरित्रासारख्या ग्रंथांचा रस्ता सगळ्यांना मोकळा झाला.

आता इंजिनियरच्या नजरेने पाहा. या पद्धतीत लपवायचं काय, तर पद्धतच. ती एकदा कळली की सगळ्या पोथ्या एकदम उघड्या. १८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी नेमकं याच्या उलट सांगितलं. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित राहायला हवी ती फक्त किल्ली. कुलूप कसं बनतं हे गावातल्या प्रत्येक लोहाराला माहीत असतं, म्हणून काय कुणीही तुमचं कपाट उघडतो?

पण किल्ली समोरच्याला पोचवायची कशी? तारेवर कान लावून कुणी बसला असेल तर? याचं उत्तर १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी दिलं. अगदी उघड्यावर बोलूनही दोघांना एक गुपित ठरवता येतं. पाठोपाठ १९७७ मध्ये आरएसए आलं. मग नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये ब्राउझरसाठी एसएसएल बाजारात आणलं. अडचण एकच होती. त्या वेळचे अमेरिकन निर्यात नियम असे, की देशाबाहेर द्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये किल्ली ४० बिटांची. म्हणजे बाहेरच्यांसाठी खेळण्यातलं कुलूप!

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एरिक यंग आणि टिम हडसन यांनी एसएसएल स्वतः लिहून काढलं आणि फुकट वाटलं. नाव एसएसएलईएवाय, शेवटची तीन अक्षरं यंग यांची आद्याक्षरं. १९९८ मध्ये ते दोघे दुसरीकडे नोकरीला गेले आणि उरलेल्यांनी डिसेंबरमध्ये तोच कोड पुढे चालवायला घेतला. तेच आपलं ओपनएसएसएल. पुढे जगातले अर्ध्याहून जास्त वेब सर्व्हर त्याच्या भरवशावर चालू लागले.

आता माझी गोष्ट. २००६ साली, पहिल्याच नोकरीत, शाखांचे रोजचे हिशेब मुख्य कचेरीत पाठवणारा प्रोग्रॅम मी लिहिला. ओपनएसएसएल वापरलं, जोडणी झाली, तारेवर पाहिलं तर नुसता कचरा दिसत होता. स्वारी खूश! आमच्या सीनियरने एकच प्रश्न विचारला, "कुलूप लावलंस, पण दार कुणाचं आहे ते पाहिलंस का?"

पाहिलं नव्हतं. प्रमाणपत्र तपासायची सूचना प्रोग्रॅमरने दिली नाही, तर ओपनएसएसएलचा क्लायंट समोरचा कुणीही असो, निमूट जोडून मोकळा होत असे. सूचना दिली तरी प्रमाणपत्रावरचं नाव आणि हवं असलेलं नाव एकच आहे का, हे आपणच ताडून पाहायचं. ती सोय लायब्ररीत आली २०१५ च्या १.०.२ आवृत्तीत. म्हणजे माझा प्रोग्रॅम सगळे हिशेब छान गुप्तपणे, शिस्तीत, एखाद्या चोरालाही पोचवू शकला असता. त्या रात्री झोप लागली नाही हे कबूल करतो. पुढे २०१२ मध्ये टेक्सास आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की हीच चूक मोठमोठ्या सॉफ्टवेअरमध्ये होती. जिवाला जरा बरं वाटलं, पण चूक ती चूकच.

आमच्या भागात नर्सीचे नामदेव सगळ्यांना ठाऊक. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, अशी कथा आहे. दिसायला सगळी मडकी सारखीच, कच्चं कोणतं ते थापटल्यावरच कळतं. माझा प्रोग्रॅम बाहेरून पक्का दिसत होता, इतकंच.

लायब्ररीही थापटावी लागते बरं का. २००६ मध्ये डेबियनच्या एका दुरुस्तीत ओपनएसएसएलच्या दोन ओळी निष्प्रभ झाल्या आणि किल्ल्या बनवण्यातला यादृच्छिकपणाच गेला. शक्य किल्ल्या उरल्या जेमतेम ३२ हजार, आणि ते कळलं मे २००८ मध्ये. त्याहून मोठा दणका एप्रिल २०१४ चा, हार्टब्लीड. समोरच्याने पाठवलेली लांबी न तपासल्यामुळे सर्व्हर एका वेळी ६४ केबीपर्यंत स्वतःची मेमरी देऊन टाकत असे. ही चूक मार्च २०१२ पासून सगळ्यांसमोर उघडी पडून होती. आणि जगाचं कुलूप सांभाळणाऱ्या या प्रकल्पाला देणग्या किती मिळत? वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर! कोड सगळ्यांसाठी उघडा होता, पण वाचत कुणी नव्हतं. पैसे आणि माणसं आली ती त्यानंतरच.

रविवारी औंढा नागनाथला जाऊन आलो. जवळच दुधाळ्याला लायगो-इंडिया होणार आहे, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. लायगोच्या संगणकजाळ्यात वर्षानुवर्षं ग्लोबसची सुरक्षाव्यवस्था वापरात होती आणि ती उभी होती ओपनएसएसएलवरच. पुण्याच्या आयुकातला सारथी क्लस्टरही याच जाळ्यातला. आता साधनं बदलली आहेत, प्रश्न मात्र तोच: तू कोण, आणि कशावरून?

तर बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. हे कुलूप बनवतात जगभरची थोडी माणसं, पुष्कळदा फुकट. आणि ते नीट लागलंय की नाही हे पाहायचं काम माझ्यासारख्यांचं. तेवढं तरी आता विसरत नाही.