व्यापार समजून घेण्यासाठी काय वाचावे? कडोदऱ्याच्या चौकातून काही पुस्तके

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथे सुरत जिल्ह्यातील कडोदरा वसले आहे. पलसाणा तालुक्याच्या या परिसरात कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या गिरण्या आहेत. सुरतच्या साड्या गोव्याच्या बाजारपेठांतही विकल्या जातात. त्या साडीचा भाव कोण ठरवते, असा प्रश्न विचारला तर व्यापार, निर्णयप्रक्रिया आणि जगाचे व्यवहार यांवरील वाचनाची चांगली यादी हाती लागते.

कच्चा माल : सुरतचे बरेचसे कापड मानवनिर्मित धाग्याचे असते आणि पॉलिस्टरचे मूळ खनिज तेलात आहे. त्यामुळे आखातातील घडामोडींचा धक्का सुताच्या दरापर्यंत पोहोचतो. गिरीश कुबेर यांचे ‘हा तेल नावाचा इतिहास आहे’ हे पुस्तक तेलामागील राजकारण मराठीत उलगडून दाखवते. अर्थशास्त्राच्या संकल्पनांची ओळख करून घ्यायची असल्यास अच्युत गोडबोले यांचे ‘अर्थात’ सोबत ठेवावे.

व्यापारी का बुडतो : सतराव्या शतकातील सुरत हे मुघल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. वीरजी व्होरा यांच्यासारखे सावकार इंग्रज कंपनीलाही कर्ज देत. पश्चिम किनाऱ्यावरील जहाजांना पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ हा परवाना घ्यावा लागे, हा दुवा गोमंतकीय वाचकाच्या ओळखीचा आहे. या बंदराची घसरण अशिन दासगुप्ता यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियन मर्चंट्स अँड द डिक्लाइन ऑफ सुरत’ या ग्रंथात तपासली. मुघल सत्ता खिळखिळी झाली, इराणची सफवी राजवट कोसळली आणि व्यापारी मार्ग असुरक्षित झाले. कुशल व्यापारीही परिस्थितीपुढे हतबल ठरू शकतो, हे यशोगाथांत सहसा न सापडणारे सत्य येथे समजते.

आकडा कुठून आला : कडोदऱ्याहून पूर्वेकडे जाणारा रस्ता बारडोलीला पोहोचतो. तेथील शेतसाऱ्यात मुंबई सरकारने २२ टक्के वाढ केली आणि १९२८ साली वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. सारा न भरणाऱ्यांच्या जमिनी व गुरेढोरे जप्त झाली. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या अधिकाऱ्यांनी चौकशी केली, तेव्हा समर्थनीय वाढ सुमारे ६ टक्केच निघाली. वाढीला आधारभूत मानलेले खंडाचे आकडे गावोगावी नीट पडताळलेले नव्हते, हा शेतकऱ्यांचा आक्षेप खरा ठरला. महादेव देसाई यांचे ‘द स्टोरी ऑफ बारडोली’ हे १९२९ सालचे पुस्तक स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास म्हणून वाचले जाते. निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाने ते आकडेवारीच्या तपासणीचा धडा म्हणूनही वाचावे.

श्रम कोणाचे : याच बारडोलीच्या साखर कारखान्यासाठी ऊस तोडायला खानदेशातून मजुरांच्या टोळ्या येत आणि स्थानिक भूमिहीन हळपती मात्र कामाच्या शोधात इतरत्र जात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी या विसंगतीचा माग काढला. दक्षिण गुजरातवरील त्यांचे ‘फुटलूज लेबर’ १९९६ साली प्रसिद्ध झाले. स्वस्त मालाची किंमत कोणी चुकती केली, हे ताळेबंदात दिसत नाही. ते या पुस्तकात दिसते.

वाचनाचा क्रम : नवख्या वाचकाने आधी कुबेर व गोडबोले, नंतर देसाई, ब्रेमन आणि शेवटी दासगुप्ता असा क्रम ठेवावा. शेवटची तिन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत. गोव्यातील कोसबें येथे १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे ‘ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ (१९५६) या साऱ्यांना जोडून वाचावे. गणिती असलेले कोसंबी ग्रंथांइतकाच पायी हिंडून केलेल्या निरीक्षणावर विश्वास ठेवत. दुकान काढणारा, कर्ज घेणारा किंवा भागीदारी करणारा तरुण समोर आलेला आकडा मान्य करण्यापूर्वी तो कोणी, कुठे आणि कसा मोजला, एवढे विचारू लागला, तरी या वाचनाचे चीज झाले.