शिकायचे दिवस कोण भरणार?

आज खामगावच्या चांदीबाजारातून थेट मुंबईला जाऊ आणि परत येऊ. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं खामगाव म्हणजे रजतनगरी. तिथं गेलो की मला एकच प्रश्न पडतो: चांदीवर नक्षी उठवणारा हात तयार व्हायला वर्षं लागतात, त्या वर्षांचा खर्च कोण करतं?

जुनं उत्तर सोपं होतं: घर. बाप काम करायचा, पोरगं शेजारी बसून शिकायचं.

दुसरं उत्तर १८५७ चं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या १ लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तीच आपली ‘जेजे’. १८६६ मध्ये तिथं सजावटी चित्रकाम, मूर्तिकाम आणि नक्षीदार लोखंडकामाच्या कार्यशाळा निघाल्या. पण खामगावातल्या पोराला मुंबई लांबच होती ना!

तिसरं उत्तर सप्टेंबर २०२३ चं, पीएम विश्वकर्मा योजना. तिच्या १८ व्यवसायांत सोनार, कुंभार, मूर्तिकारही आहेत. ५ ते ७ दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत. शिकताना मजुरी बुडू नये, हा विचार मला मोलाचा वाटतो. पण ही योजना आधीच काम करणाऱ्यांसाठी आहे. ज्याचा हात अजून बसायचाय, त्या पोराची ती वर्षं आजही घरच भरतं. आणि घराला परवडलं नाही, तर ते पोरगं दुसरीकडे कामाला लागतं.

तुमच्या गावात काय होतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!