चतुष्पादाची चाल आणि इतिहासाचे साधन

भारतीय सचेतनपटाचा, म्हणजे ज्यास आज सर्रास अ‍ॅनिमेशन म्हणतात त्या कलेचा, इतिहास बहुधा तयार चित्रपटांच्या नामावळीवरून लिहिला जातो. दादासाहेब फाळके यांची ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५), प्रभातचा ‘जंबूकाका’ (१९३४) आणि फिल्म्स डिव्हिजनचा ‘बनियन डिअर’ (१९५७) हे तिचे ठरलेले टप्पे होत. परंतु प्राण्यास चालविण्याची विद्या चित्रकाराने कोठून मिळविली व कोठे साठविली, या प्रश्नाचे उत्तर या नामावळीत मिळत नाही.

मनुष्यपात्र रेखाटताना चित्रकाराला स्वतःचे शरीर हाच आधार असतो. चतुष्पादाच्या बाबतीत हा आधार तुटतो. मोहोपाड्याच्या परिसरात भातखाचराच्या बांधावरून चालणारा बैल लक्षपूर्वक पाहावा. प्रथम एका बाजूचा मागचा पाय पडतो, मागोमाग त्याच बाजूचा पुढचा. नंतर दुसऱ्या बाजूस तोच क्रम. मागील पायाचा उलटा वाकलेला गुडघा म्हणून जो भाग आपण समजतो, ती वस्तुतः टाच होय. खरा गुडघा वर, पोटालगत असतो. बैल, हरिण, घोडा यांना गळपट्टीचे हाड नसते. खांद्याचे पाते केवळ स्नायूंनी धडास जोडलेले असून प्रत्येक पावलागणिक ते कातडीखाली सरकते.

हे ज्ञान नुसत्या डोळ्यांनी पुरते हाती येत नाही. कॅलिफोर्नियात १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज याने धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेतली, तेव्हाच चारही पाय अधांतरी असतात तो क्षण पाय पोटाखाली आवळल्याचा आहे, पसरल्याचा नव्हे, हे सिद्ध झाले. डिस्नेच्या ‘बॅम्बी’साठी (१९४२) कलाशाळेत जिवंत पाडसे आणून अभ्यास करविण्यात आला. त्याच चित्रपटावर काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईस आले. फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात त्यांनी राम मोहन प्रभृती तरुणांना शिकविले, आणि जातककथेतील मृगराजावरील ‘बनियन डिअर’ तयार झाला. या पद्धतीत सेकंदास २४ चौकटी लागत. एक रेखाटन दोन चौकटींना वापरले तरी मिनिटास ७२० रेखाटने होत. शरीररचनेचे ज्ञान चित्रकाराच्या हातात राही आणि प्रत्येक रेखाटनात नव्याने खर्ची पडे.

संगणकावरील द्विमितीय सचेतनपटात हा क्रम उलटतो. पात्राचे अवयव वेगवेगळ्या थरांवर काढतात, त्यांत हाडांचा सांगाडा बसवितात आणि सांधे निश्चित करतात; यासच रिगिंग म्हणतात. खूर जमिनीवर रोवला की वरचे सांधे गणिताने आपोआप वळतात. पण सांधा कोठे घ्यावा, हे गणित सांगत नाही. मनुष्याच्या खांद्याप्रमाणे तो एकाच बिंदूवर खिळविला, तर हरिण लाकडी पाय लावल्यासारखे चालते. पाते धडावर सरकते ठेवले, तरच चालीत भार येतो.

यावरून असे दिसते की, रिग हा रेखाटनकलेचा शेवट नसून त्या कलेतील ज्ञानाची आगाऊ केलेली नोंद आहे. मात्र या नोंदीचा एक धोका लक्षात घेतला पाहिजे. हातातील चूक पुढील रेखाटनात दुरुस्त होऊ शकते. सांगाड्यातील चूक प्रत्येक पावलात उमटते, आणि घोड्याचा सांगाडा वाघास चढविला की वाघही घोड्यासारखा चालू लागतो.

म्हणूनच अभ्यासकाच्या दृष्टीने रिगची संचिका हे प्रथम दर्जाचे ऐतिहासिक साधन ठरते. कारागिराने प्राणी कितपत पाहिला होता, हे तीत सांध्यासांध्याने वाचता येते. परंतु आज्ञावली बदलली की जुनी संचिका उघडेनाशी होते. चित्रपट जपले आणि सांगाडे गमावले, तर उद्याच्या इतिहासकाराच्या हाती पुन्हा नामावळीच उरेल. विद्यापीठीय संग्रहांनी तयार चित्रपटाबरोबर त्याचे सांगाडेही, सांध्यांच्या लेखी आराखड्यासह, जतन करणे अगत्याचे आहे.