जेल रोडवरची भिंत

विश्रांतवाडीहून येरवड्याकडे जाताना जेलची भिंत लागते. 'कारागृह' हा शब्द फक्त पाटीवर असतो, बोलताना सगळेच जेल म्हणतात. 1871 साली इंग्रजांनी हे उभारलं तेव्हा हा भाग शहराबाहेर होता. आज शहराने त्याला चारही बाजूंनी गाठलंय.

पुण्याला हे जेल आठवतं ते कैद्यांच्या नावांनी. दामोदर चापेकर इथे 18 एप्रिल 1898 रोजी फासावर गेले आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण. गांधीजी 1922 मध्ये आले आणि नंतरही येत राहिले. 20 सप्टेंबर 1932 रोजी त्यांनी इथेच उपोषण सुरू केलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर भेटीला आत आले, अंगणातल्या आंब्याखाली बोलणी झाली आणि 24 तारखेला पुणे करार झाला. त्या करारावर आजही वाद आहेत, असायलाच हवेत. मला मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट: परक्या सरकारच्या जेलमध्येही माणसांना समोरासमोर बसून भांडता आलं.

याच आवारात आता अंडा सेल आहे. अंडाकृती इमारत, तिच्या कडेने एकेकट्या कोठड्या, धोकादायक ठरवलेल्या कैद्यांसाठी. नागपूरच्या अंडा बॅरकमध्ये राहिलेल्या अरुण फरेरांनी लिहिलंय, की तिथून ना झाडं दिसतात, ना आभाळ.

एकांतकोठडीची ही कल्पना आपल्याकडे उगवलेली नाही. 1829 मध्ये फिलाडेल्फियात उघडलेल्या तुरुंगात प्रत्येक कैद्याला एकटं ठेवत. एकांतात माणूस पश्चात्ताप करेल, ही त्यामागची श्रद्धा. लंडनच्या पेंटनव्हिलने 1842 मध्ये तीच रीत उचलली, अंदमानच्या सेल्युलर जेलचं तर नावच कोठडीवरून पडलं. पुढे श्रद्धा संपली, कोठडी उरली. अमेरिकेने 1934 मध्ये अल्काट्राझ, 1994 मध्ये कोलोरॅडोतलं फ्लोरेन्स सुरू केलं. त्यानंतरच्या काही वर्षांत दक्षिण आफ्रिका, तुर्कस्तान आणि ब्राझीलनेही असेच तुरुंग काढले. तुर्कस्तानात तर 2000 साली सामूहिक बॅरकमधून छोट्या कोठड्यांत जायला नकार देत कैद्यांनी उपोषणं केली, त्यात अनेकांचे जीव गेले.

सुनील बत्रा खटल्यात 1978 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की फाशीची शिक्षा झालेल्यालाही तेवढ्यावरून एकांतकोठडीत टाकता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या मंडेला नियमांनी सलग 15 दिवसांहून जास्त एकांतवास निषिद्ध ठरवला. नियम कागदावर चोख आहेत.

कोठडी सुरक्षित असते म्हणतात, पण कोणासाठी? 8 जून 2012 रोजी येरवड्याच्या याच अंडा सेलमध्ये एका कच्च्या कैद्याचा गळा आवळून खून झाला. त्याचा खटला अजून चालायचा होता. त्याच वर्षी 21 नोव्हेंबरच्या सकाळी कसाबला इथे फाशी झाली आणि देशभर येरवड्याचं नाव गाजलं. त्या कच्च्या कैद्याचं नाव मात्र आमच्या भागातही फार कुणाला आठवत नाही.

आज या जेलमध्ये क्षमतेच्या दुपटीहून जास्त माणसं आहेत, बरीचशी कच्चे कैदी. सामान्य बॅरकमध्ये अंग टाकायला जागा नाही आणि अंडा सेलमध्ये बोलायला माणूस नाही. एकाच भिंतीआड हे दोन्ही चालतं. बाहेर मुलाखतीसाठी आलेल्या बायका पिशव्या सांभाळत आपला नंबर यायची वाट बघतात.